चार आण्यांची वाळू, बारा आण्यांची वाट

भर्तृहरीच्या नीतिशतकात वाळूतून तेल काढण्याचा दाखला येतो तो मूर्खाच्या संदर्भात. एकवेळ वाळू रगडून तेल निघेल, पण हटवादी मूर्खाची समजूत पटणार नाही, असा त्या श्लोकाचा आशय. वामनपंडितांनी तो मराठीत आणला आणि आपण त्यातला वाळू-तेलाचा भाग तेवढा उचलला. मूर्ख मागे राहिला, वाळू आणि तेल शाळेच्या भिंतीवर गेले, आणि अशक्यतेचा दाखला प्रयत्नवादाचे बोधवाक्य होऊन बसला. अर्धे वाक्य उचलले की अर्थ असा उलटतो.

अमेरिकेत आज वाळूच्या जोरावर खरोखरच तेल निघते, आणि त्या वाळूविषयीही असेच एक अर्धे वाक्य रूढ आहे: तेलविहिरीला उत्तम वाळू लागते, उत्तम वाळू दुर्मिळ असते, म्हणून ती महाग असते. खाणमालकांनी ते सांगितले, गुंतवणूकदारांनी त्यावर पैसे लावले, आणि ‘जगातली वाळू संपत चालली’ म्हणणाऱ्यांनीही ते आपल्या यादीत जोडून घेतले. तिन्ही पायऱ्यांत थोडे थोडे सत्य आहे, म्हणूनच हे अनुमान इतके टिकले. ते का टिकू नये, हे येथे दाखवायचे आहे.

आधी मुद्द्यापुरती ओळख. शेल नावाच्या घट्ट खडकात तेल असते, पण ते वाहत नाही. म्हणून विहीर दोन-तीन किलोमीटर खाली नेऊन तेथून आडवी वळवतात आणि प्रचंड दाबाने पाणी सोडून खडकाला भेगा पाडतात. यालाच ‘फ्रॅकिंग’ म्हणतात. पंप थांबला की भोवतालच्या खडकाचा दाब त्या भेगा मिटवू पाहतो. त्या मिटू नयेत म्हणून पाण्याबरोबर वाळू धाडतात. पाणी परत येते, वाळू आत राहते आणि भेग उघडी धरते. तेथले लोक या कणाला ‘प्रॉपंट’ म्हणतात, आपण ‘टेकू’ म्हणू. येथे वामनपंडितांच्या नेमके उलटे आहे. ही वाळू रगडली जाता कामा नये. रगडली गेली तर तिची भुकटी भेगेत अडकते आणि तेल गळायचे थांबते.

प्रमाणही सांगायला हवे. १९४९ साली ओक्लाहोमा आणि टेक्सासमध्ये या पद्धतीचे पहिले व्यापारी प्रयोग झाले, तेव्हा एका विहिरीत शंभर-दीडशे पाउंड वाळू गेली होती, म्हणजे फार तर दीड पोते. आज पश्चिम टेक्सासच्या पर्मियन खोऱ्यात दहा हजार फूट आडव्या विहिरीला फुटामागे दोन हजार पाउंड वाळू घालणे नेहमीचे झाले आहे. गुणाकार केला तर दोन कोटी पाउंड, म्हणजे नऊ हजार टन. आपल्या मापात साधारण दोन हजार ब्रास. एका ट्रकमध्ये बावीस-तेवीस टन धरले तर एका विहिरीसाठी चारशे खेपा. हा चारशेचा आकडा लक्षात ठेवावा. पुढचा सगळा वाद शेवटी त्याच्याशीच येऊन थांबतो.

आता पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या भरभक्कम रूपात. विस्कॉन्सिन, मिनेसोटा आणि इलिनॉय या उत्तरेकडच्या राज्यांत कँब्रियन आणि ऑर्डोव्हिशियन काळातले वालुकाश्म आहेत: जॉर्डन, वोनेवॉक, सेंट पीटर. सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या किनाऱ्यावर ही वाळू लाटांनी आणि वाऱ्याने पुन्हा पुन्हा घासली. बाकीची नरम खनिजे झिजून गेली आणि जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झ उरले. कण गोल, पांढरे, एकसंध. वर जाड आच्छादन नाही, खडकही मऊ, त्यामुळे काढायला सोपी. व्यापारात हिचे नाव ‘नॉर्दर्न व्हाइट’. गोल कणांच्या मधून तेल सहज वाहते आणि एकसंध क्वार्ट्झ लवकर फुटत नाही. टेक्सासमधल्या ब्रेडी गावाजवळची तपकिरी वाळू किंवा पर्मियनच्या टेकड्यांची वाळू या कसोटीवर कमी पडते. शिवाय विहीर ही एकदाच करायची गोष्ट. सत्तर-ऐंशी लाख डॉलर खर्चून खणलेल्या विहिरीत वाळूवर काटकसर करणे म्हणजे लग्नाचा मांडव घालून जेवणावळीत हात आखडता घेणे. असा हा पक्ष. तो मांडणारे अडाणी नव्हते. त्यांच्याकडे प्रयोगशाळेचे आकडे होते.

पहिली पायरी दुर्मिळतेची. येथे दोन वेगळ्या वाळूंची सरमिसळ होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने जगात वर्षाला सुमारे पन्नास अब्ज टन वाळू-खडी वापरली जाते असे सांगून धोक्याची घंटा वाजवली, ती बांधकामाच्या वाळूसाठी. तिला कंगोरे असलेला, सिमेंटला धरून बसणारा कण लागतो. वाऱ्याने गोल केलेली वाळवंटी वाळू तेथे नापसंत ठरते. तेलविहिरीला हवा तो नेमका हाच नापसंत कण. नदी खरवडून काढलेल्या वाळूचे दुखणे महाराष्ट्राला चांगले माहीत आहे, पण फ्रॅकिंगच्या वाळूला त्याच रांगेत उभे करणे चूक आहे. अमेरिकेत फ्रॅकिंगला वर्षाला दहा कोटी टनांच्या आसपास वाळू लागते. आकडा मोठा वाटतो, पण पन्नास अब्जांच्या शेजारी तो हजारात दोन इतका आहे.

बरे, गोल क्वार्ट्झ वाळू तरी दुर्मिळ आहे का? पर्मियन खोऱ्याच्याच मधोमध, कर्मिट आणि मोनाहन्स या गावांच्या आसपास, मैलोन्मैल वाळूच्या टेकड्या पसरल्या आहेत. मोनाहन्सला त्या टेकड्यांचे राज्य उद्यान आहे. पोरे तेथे फळ्यांवर बसून घसरतात. याच टेकड्यांच्या भोवताली हजारो तेलविहिरी होत्या, आणि त्यांच्यासाठी वाळू येत होती सुमारे दोन हजार किलोमीटरवरच्या विस्कॉन्सिनहून, रेल्वेने. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण कोणी टेक्सासकडे पाहून केलेली नाही, पण केली असती तरी चालली असती. २०१७ च्या जुलैत कर्मिटजवळ पहिली मोठी स्थानिक खाण सुरू झाली. दोन-अडीच वर्षांत तिच्या शेजारी डझनभराहून अधिक खाणी उभ्या राहिल्या. जी वस्तू खरोखर दुर्मिळ असते तिच्या दुकानांची अशी रांग लागत नाही.

दुसरी पायरी किमतीची. २०१७ च्या सुमारास विस्कॉन्सिनच्या खाणीच्या तोंडाशी चांगल्या वाळूचा भाव टनाला चाळीस डॉलरच्या अलीकडे-पलीकडे होता. तीच वाळू टेक्सासच्या विहिरीवर पोचेपर्यंत शंभराच्या घरात जाई. मधल्या साठ डॉलरांत काय होते? खाणीपासून रेल्वेच्या यार्डापर्यंतची खेप, रेल्वेचे भाडे, वाघिणींचे भाडे, टेक्सासच्या बाजूला उतरवून साठवण्याचा खर्च, आणि शेवटचे पन्नास-साठ मैल ट्रकने. त्या ट्रकना विहिरीवर तासन्‌तास ताटकळावे लागले तर त्याचे विलंबशुल्क वेगळे. वाळू धुणे, वाळवणे, चाळणे हा खरा कारखानदारीचा खर्च खाणीच्या भावातच आला. उरलेला पैसा वाळूवर खर्च झालाच नाही, तो वाटेवर झाला. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तसे चार आण्यांची वाळू आणि बारा आण्यांची वाट. आणे-पैचा हिशेब दर वर्षी थोडा हलेल, पण वाटेचा वाटा निम्म्याहून अधिक, हे बदलत नाही.

ही गोष्ट कळायला टेक्सासला जायची गरज नाही. घर बांधलेल्या कोणालाही विचारावे. रेतीघाटावरचा भाव आणि दारात पडलेल्या ब्रासचा भाव यांत केवढे अंतर असते, ते त्याला पाठ असते. वाळू ही जड आणि स्वस्त वस्तू. सोन्याला चारशे मैल नेले तर भावात फरक दिसत नाही, वाळूला चाळीस मैल नेले तरी दिसतो. अशा वस्तूच्या बाबतीत ‘कोणती चांगली’ या प्रश्नाच्या आधी ‘कोणती जवळ’ हा प्रश्न विचारावा लागतो.

तिसरी पायरी गुणवत्तेची, आणि ती सर्वांत कठीण. येथे पूर्वपक्षाची बाजू खरोखर बळकट आहे, म्हणून थोडे थांबून बोलू.

वाळूची ताकद मोजायची रीत ठरलेली आहे. ठरावीक वाळू पोलादी भांड्यात घालून दाब वाढवत न्यायचा. वजनाच्या दहा टक्के भुकटी होईपर्यंत जितका दाब ती सोसेल, ती तिची प्रत. या चाचणीत टेक्सासच्या टेकड्यांची वाळू उत्तरेकडच्या वाळूपेक्षा साधारण हजार-दोन हजार पाउंड प्रति चौरस इंच कमी भरते. हा आकडा खोटा नाही. प्रश्न असा की, पोलादी भांड्यात जे घडते तेच विहिरीत घडते का?

एक तर, विहिरीत कणावर पडणारा भार म्हणजे खडकाचा सगळा दाब नव्हे. भेगेतल्या तेल-पाण्याचा स्वतःचा दाब खडकाला आतून रेटत असतो. पहिल्या महिन्यांत तो जास्त असतो, म्हणून कणावरचा भार कमी. विहीर रिकामी होत जाते तसा आतला दाब उतरतो आणि कणावरचा भार चढतो. पण शेलची विहीर पहिल्या वर्षातच आपला साठ-सत्तर टक्के जोर घालवून बसते. म्हणजे कणाची खरी परीक्षा येते तेव्हा त्याच्याजवळून वाहायचे तेल कमीच उरलेले असते. पुराच्या वेळी पूल भक्कम हवा हे बरोबर, पण येथे पूल खचायला लागतो तो नदी आटल्यावर.

दुसरे, कणाचा आकार. जुन्या पद्धतीत दाट जेलमधून मोठा कण धाडत, २०/४० मेशचा, म्हणजे अर्धा-पाऊण मिलिमीटरचा. १९९८ च्या सुमारास टेक्सासच्याच बार्नेट शेलमध्ये मिचेल एनर्जी या कंपनीने जेल बाजूला ठेवून जवळजवळ साधे पाणी वापरून पाहिले. स्वस्त पाण्याने काम भागेल यावर तेव्हा फारसा कोणाचा विश्वास नव्हता. भागले, आणि पुढची सगळी शेलक्रांती त्या पाण्यावर उभी राहिली. पातळ पाणी मोठा कण दूर वाहून नेऊ शकत नाही, म्हणून कण बारीक झाला: ४०/७०, आणि मग १०० मेश, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या ते दहाव्या भागाएवढा. बारीक कणांत भार जास्त ठिकाणी वाटला जातो आणि कणागणिक दोष कमी असतात, त्यामुळे एकाच जातीची वाळू बारीक चाळली की जास्त दाब सोसते. टेकड्यांची वाळू निसर्गतःच बारीक. ज्या मापावर ती हरत होती ते मापच कालबाह्य झाले होते.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शेल इतका घट्ट खडक आहे की त्यातून तेल भेगेपर्यंत येते तेच मुळी थेंबाथेंबाने. वाळूने भरलेली भेग, मग ती उत्तम वाळूची असो वा मध्यम वाळूची, त्या खडकापेक्षा लाखो पटींनी मोकळी असते. झऱ्याची धारच करंगळीएवढी असेल तर खाली चार इंची पाइप टाका की सहा इंची, हंडा भरायला तेवढाच वेळ लागतो. उत्तम वाळू सहा इंची पाइप देते हे मान्य. पण अडचण पाइपात नाही, झऱ्यात आहे.

यावर पूर्वपक्षाचे एक जाणते उत्तर आहे, आणि ते मी हिशेबासकट मांडतो. उत्तरेची वाळू विहिरीवर टनाला शंभर डॉलर आणि स्थानिक पन्नास असे धरू. नऊ हजार टनांमागे बचत साडेचार लाख डॉलरची. तेल पिंपाला साठ डॉलर धरले तर साडेचार लाख म्हणजे साडेसात हजार पिंपे. चांगली विहीर आयुष्यभरात काही लाख पिंपे देते. म्हणजे उत्तम वाळूने एक-दोन टक्के तेल जास्त दिले तरी ती फिटते. एक-दोन टक्के म्हणजे काहीच नाही, मग एवढ्यासाठी कमअस्सल वाळू का घालावी?

बिनतोड वाटणाऱ्या या हिशेबात दोन भोके आहेत. वाळूचे साडेचार लाख आज रोख जातात. जास्तीचे तेल येईल ते सावकाश, कारण मजबूत कणाचा फायदा दाब उतरल्यावरच दिसू लागतो, म्हणजे चौथ्या-पाचव्या वर्षी. त्या पिंपाची आजची किंमत साठ डॉलर धरणे म्हणजे पाच वर्षांनी मिळणारी रक्कम आजच खिशात असल्यासारखे वागणे. त्यातून जमीनमालकाचा वाटा आणि कर वजा करायचेच राहिले. आणि मोठे भोक असे की, येथे तुलनाच चुकीची लावली आहे. निवड ‘नऊ हजार टन उत्तम’ आणि ‘नऊ हजार टन मध्यम’ यांत नाही. नऊ लाख डॉलरात नऊ हजार टन उत्तम वाळू येते किंवा अठरा हजार टन मध्यम. त्याच पैशात भेगांची संख्या वाढवता येते, किंवा तो पैसा पुढच्या विहिरीकडे वळवता येतो. शेलमध्ये जास्त खडक फोडून जास्त ठिकाणी टेकू देणे हे थोडे खडक फोडून भारी टेकू देण्यापेक्षा फायद्याचे ठरले, हा या उद्योगाचा गेल्या दशकातला मुख्य धडा आहे. फुटामागची वाळू वाढत गेली ती उगीच नव्हे.

गुणवत्ताच निर्णायक असती, तर वाळूहूनही मजबूत टेकू जिंकायला हवा होता. बॉक्साइट किंवा केओलिन भाजून केलेले सिरॅमिक मणी कोणत्याही वाळूपेक्षा जास्त दाब सोसतात. ते बनवणारी अमेरिकेतली सर्वांत नामांकित कंपनी, कार्बो सिरॅमिक्स, २०२० च्या मार्चमध्ये दिवाळखोरीत गेली. प्रयोगशाळेत पहिला आलेला विद्यार्थी बाजारात नापास झाला, कारण बाजाराची प्रश्नपत्रिका निराळी होती.

वाळूच्या कंपन्यांचे काय झाले, तेही पाहू. २०१२ ते २०१६ या काळात हाय-क्रश, इमर्ज, फेअरमाउंट सँट्रॉल, स्मार्ट सँड अशा कंपन्या एकामागून एक शेअरबाजारात आल्या. साऱ्यांच्या गोष्टीचे सार एकच होते: आमच्याकडे उत्तम वाळू आहे आणि तशी इतरांकडे नाही. २०१८ साली युनिमिन आणि फेअरमाउंट यांचे विलीनीकरण होऊन कोव्हिया ही प्रचंड कंपनी उभी राहिली. पुढच्याच वर्षी, जुलै २०१९ मध्ये, इमर्ज दिवाळखोरीत गेली. २०२० च्या जून-जुलैत व्हिस्टा, कोव्हिया आणि हाय-क्रश पाठोपाठ गेल्या. कोणी म्हणेल, हा महासाथीचा आणि तेलभाव कोसळल्याचा परिणाम. २०२० पुरते ते खरे. पण विस्कॉन्सिनच्या खाणी बंद पडायला लागल्या त्या २०१८-१९ मध्ये, जेव्हा पर्मियनचे तेल उत्पादन विक्रम करत होते. गिऱ्हाईक वाढत असताना दुकान ओस पडले, तर दोष गिऱ्हाइकाच्या अडचणीचा नसतो.

हाय-क्रशची गोष्ट तर आणखी बोलकी. कर्मिटची पहिली स्थानिक खाण तिचीच. म्हणजे जवळच्या वाळूचा डाव तिने सर्वांआधी ओळखला आणि तरीही ती बुडाली. कारण टेकड्या इतक्या पसरलेल्या होत्या की शेजारी कोणालाही खाण काढता आली, आणि खाणीच्या तोंडाशी भाव वीस डॉलरच्या खाली घसरला. उत्तरेची वाळू अंतरामुळे हरली आणि दक्षिणेची वाळू विपुलतेमुळे स्वस्त झाली. दुर्मिळतेचा नफा दोन्हीकडे कोणाला मिळाला नाही, कारण दुर्मिळता दोन्हीकडे नव्हती.

मग २०२२ मध्ये त्याच टेक्सासात वाळूची टंचाई झाली आणि भाव दुपटीहून अधिक चढला, ते कसे? पूर्वपक्षाला हा आपला पुरावा वाटतो. पण टंचाई कशाची होती ते पाहावे. टेकड्या होत्या तेथेच होत्या. बंद ठेवलेले कारखाने पुन्हा सुरू व्हायला वेळ लागला, वाळवण्याच्या भट्ट्या कमी पडल्या, आणि ट्रकचालक मिळेनात. डोळ्यांसमोर वाळूचे डोंगर आणि विहिरीवर वाळू नाही, यापेक्षा माझ्या म्हणण्याचा चांगला पुरावा मी स्वतः रचू शकलो नसतो.

उद्योगाने यातून काय बोध घेतला, ते त्याच्या गुंतवणुकीत दिसते. ॲटलस एनर्जी सोल्युशन्स या कंपनीने कर्मिटजवळून न्यू मेक्सिकोच्या ली काउंटीपर्यंत ४२ मैलांचा, म्हणजे सुमारे ६८ किलोमीटरचा, वाळू वाहणारा पट्टा बांधला. नाव ‘ड्यून एक्सप्रेस’, खर्च सुमारे चाळीस कोटी डॉलर, काम सुरू २०२५ च्या आरंभी. वाळूच्या कंपनीने सर्वांत मोठा पैसा वाळूत न घालता वाटेत घातला. काही जण तर वाळू वाळवण्याचेही सोडून विहिरीजवळ छोट्या खाणी काढून ओलीच वाळू वापरू लागले. त्यात भट्टीचा गॅस वाचतो, खेप छोटी होते आणि धूळही कमी उडते.

हा नियम केवळ टेक्सासचा नाही. अर्जेंटिनातल्या व्हाका मुएर्ता शेलसाठी वाळू एन्त्रे रिओस प्रांतातून हजार किलोमीटरहून अधिक ट्रकने आणली जात असे. आता तेथेही शेजारच्या रिओ नेग्रो प्रांतातली वाळू पुढे येत आहे. उलट पेनसिल्व्हेनियाचे मार्सेलस आणि नॉर्थ डकोटाचे बाकेन ही क्षेत्रे आजही विस्कॉन्सिनची पांढरी वाळू घेतात. हा गुणवत्तेचा विजय म्हणावा का? नाही. त्यांच्या दाराशी कर्मिटसारख्या टेकड्या नाहीत आणि विस्कॉन्सिनहून रेल्वेची वाट सोपी आहे. त्यांच्यासाठी विस्कॉन्सिनच जवळ. अपवाद म्हणून दाखवली जाणारी ही उदाहरणे नियमच पुन्हा सांगतात.

आता मंडन, आणि त्याच्या मर्यादा. गुणवत्तेला अर्थच नाही असे मी म्हणत नाही. लुइझियानाच्या हेन्सव्हिलसारख्या खोल आणि प्रचंड दाबाच्या क्षेत्रात कमकुवत कण चिरडलाच जातो. तेथे ताकदीचा प्रश्न आधी येतो. चिकणमाती न धुतलेली, नीट न चाळलेली वाळू कोठेही विहीर बिघडवू शकते. माझे म्हणणे एवढेच की गुणवत्ता हा उंबरठा आहे. ठरावीक खोलीला, ठरावीक दाबाला पुरेशी ताकद असली की उंबरठा ओलांडला. त्यानंतर आणखी उत्तम असण्याचे दाम बाजार देत नाही. त्यापुढे भाव ठरतो तो अंतराने, आणि अंतर म्हणजे मैल, इंधन, चालकाचे तास आणि ट्रकने रांगेत घालवलेली दुपार. १९४९ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत नदीची वाळू आणि खिडकीच्या जाळीतून चाळलेली बांधकामाची वाळू विहिरींत जात होती. उद्योग जवळच्या वाळूने सुरू झाला, मध्ये उत्तम वाळूच्या मोहात दोन हजार किलोमीटर फिरून आला, आणि पुन्हा जवळच्या वाळूकडे परतला.

‘जवळची म्हणून स्वस्त’ हेही मात्र अर्धेच वाक्य होऊ शकते, हे विसरून चालणार नाही. जवळच्या वाळूचे काही दाम बिलात येत नाहीत. अमेरिकी सरकारच्या कामगार-आरोग्य तज्ज्ञांनी पाच राज्यांतल्या अकरा फ्रॅकिंग-स्थळांवर हवेचे नमुने घेतले, तेव्हा जवळजवळ निम्म्या नमुन्यांत सिलिकाची धूळ कायदेशीर मर्यादेपेक्षा जास्त निघाली. २०१२ मध्ये त्यावर सरकारी धोक्याची सूचना निघाली. ही धूळ फुप्फुसात बसली की परत येत नाही. आपल्याकडे कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरातून काच आणि ओतकामासाठी सिलिका वाळू निघते. तेथल्या माणसाला ही धूळ वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. टेक्सासच्या टेकड्यांत ओकच्या खुरट्या झुडपांखाली राहणारा एक छोटा सरडा आहे, तो जगात फक्त त्याच पट्ट्यात सापडतो. २०२४ च्या मेमध्ये तो अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला. आणि विहिरीमागे चारशे खेपा म्हणजे खाणीच्या वाटेवरच्या गावांचे रस्ते, तेथले अपघात आणि रात्रीची झोप. उत्तरेकडचा हिशेबही स्वच्छ नव्हता. २०१८ च्या मेमध्ये विस्कॉन्सिनच्या व्हाइटहॉलजवळ एका खाणीच्या गाळतळ्यात बुलडोझर कोसळला. चालकाला वाचवण्यासाठी तळे फोडावे लागले आणि सुमारे एक कोटी गॅलन नारिंगी गाळपाणी ट्रेम्पिलो नदीत गेले. म्हणून वाळूचा खरा भाव काढायचा तर मैलांबरोबर या गोष्टीही मोजाव्या लागतील. पण त्याही बहुतेक वाळूच्या जातीला चिकटलेल्या नाहीत. त्या ती कोठून काढली, कशी हाताळली आणि कोणाच्या दारावरून नेली याला चिकटलेल्या आहेत. गोऱ्या आणि तपकिरी वाळूच्या वादात त्या दिसतच नाहीत.

ट्रेम्पिलो आणि चिपेवा काउंट्यांत आज बंद पडलेल्या खाणी आहेत. टेकडीचा अर्धा भाग कापलेला, कडा पांढऱ्याशुभ्र. त्या कड्यातली वाळू २०१४ मध्ये जितकी गोल होती तितकीच आजही आहे, पोलादी भांड्यात आजही तितकाच दाब सोसेल. तिच्या एका कणातही फरक पडलेला नाही. फरक पडला तो एवढाच की दोन हजार किलोमीटरवर कोणीतरी विहिरीशेजारच्या टेकडीत फावडे घातले.